टर्नवरचे चार पॉइंट : लिमिट पोकरमधल्या एका कमकुवत ड्रॉचं प्रकरण

पार्श्वभूमी

फोंड्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या घरी, सोप्यावर, शनिवारी रात्री आम्ही सात-आठ जण पत्त्यांना बसतो. सुरुवात चवथीच्या जागरणातल्या रमीने झाली. पुढे डिचोलीहून येणाऱ्या एका तरुण इंजिनिअरने टेक्सस होल्डेम शिकवलं आणि रमी मागे पडली. घर ज्यांचं त्यांना सगळे काका म्हणतात. बाकीच्यांचीही खरी नावं इथे देत नाही. मास्तर हे माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. औषधांचं दुकान चालवणाऱ्याला फार्मसीवाला म्हणतो, शिरोड्याहून येणारा शिरोड्याचा आणि डिचोलीहून येणारा डिचोलीचा. मी हिशेबाची वही ठेवतो. मास्तरांनी हे लिहायला परवानगी दिली आहे. मसुदा वाचून त्यांनी दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं.

पैसे लावायचे नाहीत हा काकांचा पहिला नियम. पॉइंट वहीत चढतात. वर्षाअखेरीस ज्यांचे सगळ्यात कमी, ते दोघे सगळ्यांना जेवण रांधून घालतात. पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी असतात, पण फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे, त्यामुळे आमचं पोकर ते एवढंच, सोप्यावरचं.

दुसरा नियम लिमिटचा. यात बेट किती करायची हे आधीच ठरलेलं असतं. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग चौथा टर्न, मग पाचवा रिव्हर. आमच्याकडे पत्ते वाटल्यावर आणि फ्लॉपवर बेट दोन पॉइंटांची, टर्न आणि रिव्हरवर चारांची. एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ, म्हणजे बेट वाढवणं, त्यापुढे नाही. समोरच्या बेटेएवढे पॉइंट घालणं म्हणजे कॉल, पत्ते टाकणं म्हणजे फोल्ड, काही न घालता पुढे जाणं म्हणजे चेक, आणि मधे साठत जाणारे पॉइंट म्हणजे पॉट. एका डावात कुणाचं सगळं जाऊ नये म्हणून काकांनी हा प्रकार निवडला. हल्ली तरुण मंडळी व्हिडिओत जे पोकर बघतात ते बहुतेक नो-लिमिट असतं, तिथे समोरचा ढीगच्या ढीग पुढे सरकवता येतो. हा फरक या प्रकरणात महत्त्वाचा आहे. नो-लिमिटमधल्या सवयी लिमिटमध्ये घेऊन बसलेला माणूस कमकुवत ड्रॉचा, म्हणजे क्वचितच येणाऱ्या एखाद्या पत्त्यावाचून अडलेल्या हाताचा, पाठलाग करतो आणि आपण शिस्तीत खेळतोय असंच त्याला वाटत राहतं.

डाव

जुलैतली रात्र, बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज दोनदा जाऊन आली होती. भाजीपाव खाऊन झाला होता. सात जण बसलो होतो, मी आधीच पत्ते टाकून वही सांभाळत होतो.

मास्तर बिग ब्लाइंडला, म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीने घालायचे त्यांचे दोन पॉइंट आधीच आत. हातात चौकटची दश्शी आणि किलवरची नव्वी. काकांनी पहिल्याच जागेवरून रेझ करून चार केले. शिरोड्याच्याने कॉल केला, फार्मसीवाल्यानेही. बटणावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर बसलेल्या डिचोलीच्यानेही कॉल केला. स्मॉल ब्लाइंडने एक पॉइंट सोडून दिला. मास्तरांना आणखी दोन घालायचे होते आणि पॉटमध्ये एकोणीस होते. त्यांनी घातले. पाच जण आत, पॉट एकवीस.

इथे कुणाला शंका असेल तर सांगतो: हा कॉल मला पटतो. दोन घालून एकोणीस मिळायची शक्यता, म्हणजे साडेनऊला एक भाव, आणि त्यांच्यामागे बोलणारा कुणी उरलेला नाही. हेच दश्शी-नव्वी, वेगवेगळ्या रंगांची, मधल्या जागेवर बसून दोन बेटा घालून खेळली असती तर मी त्यांना तिथेच थांबवलं असतं.

फ्लॉप पडला: बदामचा राजा, इस्पिकची सत्ती, बदामची छक्की.

मास्तरांकडे दश्शी-नव्वी, समोर सत्ती-छक्की. मधे अठ्ठी आली की छक्की ते दश्शी पाच सलग पत्ते, म्हणजे स्ट्रेट. रमीत आपण ज्याला मधला पत्ता लागणं म्हणतो तसलाच प्रकार, इंग्रजीत गटशॉट. गड्डीत अठ्ठ्या चारच. दुसरं काही नाही: राजा समोर पडलेला असताना दश्शीची किंवा नव्वीची जोडी लागून फारसा उपयोग नाही, आणि मास्तरांच्या हातात बदामचा एकही पत्ता नाही.

मास्तर चेक म्हणाले. काकांनी दोनची बेट केली. शिरोड्याच्याने कॉल केला, फार्मसीवाल्याने कॉल केला, डिचोलीच्याने पत्ते टाकले. मास्तरांसमोर आता सत्तावीसचा पॉट आणि दोनची किंमत. त्यांनी कॉल केला. पॉट एकोणतीस.

टर्नला चौकटची दुर्री आली. कुणाच्या कामाची नाही असं वाटणारा पत्ता. मास्तर पुन्हा चेक. काकांनी चारची बेट केली. शिरोड्याचा थोडा वेळ पत्त्यांकडे बघत राहिला आणि त्याने टाकले. फार्मसीवाल्याने कॉल केला. पॉट सदतीस, मास्तरांना चार घालायचे.

अडचण

मास्तर पाच सेकंदही थांबले नाहीत. "सहा आधीच घातलेत, पॉट एवढा मोठा झालाय," असं म्हणत त्यांनी चार पॉइंट पुढे ढकलले.

नंतर विचारल्यावर त्यांनी आपला हिशेब सांगितला, आणि तो ऐकून मी वहीत त्याखाली रेघ मारली. फ्लॉपवर त्यांनी मनात गणित केलं होतं. सत्तेचाळीस न दिसलेले पत्ते, चार कामाचे, दोन पत्ते यायचे. अठ्ठी एकदा तरी येण्याची शक्यता साडेसोळा टक्के, म्हणजे साधारण पाचला एक. आणि पॉट साडेतेरा पट देत होता. गणिताच्या मास्तरांनी आकडा अचूक काढला होता. पण तो दोन्ही पत्त्यांचा मिळून होता आणि त्यासाठी किंमत त्यांनी फक्त पहिल्या पत्त्याची लावली होती. दुसऱ्या पत्त्याची किंमत वेगळी असते आणि लिमिटमध्ये ती दुप्पट असते. टर्नवर पोहोचल्यावर त्यांनी तो जुना आकडा उत्तर म्हणून वापरला. प्रश्न बदललाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच. फ्लॉपवर दोन घालून सत्तावीस, भाव साडेतेराला एक. टर्नवर चार घालून सदतीस, भाव सव्वानऊला एक. पॉट वाढला म्हणून सगळ्यांना तो अधिक आकर्षक दिसला. प्रत्यक्षात भाव घसरला, कारण बेट दुप्पट झाली आणि पॉट दुप्पट झाला नाही. लिमिटमध्ये टर्नवर बहुतेकदा असंच होतं, आणि फ्लॉपवरचा बरोबर कॉल टर्नवर चुकीचा ठरायला एवढं कारण पुरतं.

पर्याय तोलताना

तिन्ही पर्याय आम्ही पुढच्या शनिवारी टेबलावर मांडून पाहिले. डिचोलीच्याने समोरचे चार पत्ते आणि मास्तरांचे दोन बाजूला काढले आणि उरलेले शेहेचाळीस एकेक करून उलटवत गेला. तीन ढीग झाले. छत्तीस पत्ते ज्यांनी मास्तरांना काहीच मिळत नाही. सहा पत्ते, तीन नव्व्या आणि तीन दश्श्या, ज्यांनी जोडी लागते. आणि चार अठ्ठ्या. तो छत्तिसांचा ढीग टेबलावर बघितल्यावर शिरोड्याचा एवढंच म्हणाला, "बापरे, असा दिसतो होय तो."

रेझ. हा पर्याय लवकर निकालात निघाला. मास्तरांनी आठ केले असते तर पॉट पंचेचाळीस झाला असता आणि काकांना फक्त आणखी चार घालायचे होते. अकराहून अधिक पट मिळत असताना राजाची जोडी हातात असलेला माणूस पत्ते टाकत नाही. नो-लिमिटमध्ये मोठी बेट करून समोरच्याला घालवता येतं, इथे बेटच तेवढी मोठी करता येत नाही. शिवाय रेझ करून पुढचा पत्ता फुकट बघायची युक्ती फ्लॉपवरची, टर्नवर ती चालत नाही, कारण त्यानंतर एकच पत्ता उरतो.

फोल्ड. खर्च शून्य. आधी घातलेले सहा पॉइंट मास्तरांचे राहिलेलेच नव्हते, ते पॉटचे झाले होते. हे वाक्य आमच्यात प्रत्येकाने कधी ना कधी दुसऱ्याला ऐकवलंय आणि तरी स्वतःच्या वेळी ते आठवत नाही.

कॉल. यावर सगळा वेळ गेला.

आधी सगळ्यात अनुकूल चित्र घेऊ. समजा चारही अठ्ठ्या स्वच्छ आहेत, म्हणजे त्यातली कुठलीही आली तरी मास्तर जिंकतात. शेहेचाळीस पत्त्यांत चार कामाचे, बेचाळीस निकामी. साडेदहाला एक. पॉट सव्वानऊ देतोय. म्हणजे आत्ताचा भाव अपुरा आहे, पण रिव्हरवर अठ्ठी आल्यावर मास्तर आणखी पॉइंट वसूल करू शकतात. हिशेब केला तर त्यांना पाच पॉइंट जास्त मिळवावे लागतात. चार एका बेटेचे, वर एक. काका एक बेट देतील, फार्मसीवाल्याकडे जोडी असेल तर तोही देईल, आठ होतात. म्हणजे कॉल जेमतेम तरतो. हे मी मुद्दाम आधी लिहितोय, कारण मास्तरांचा कॉल निव्वळ वेडेपणा होता असं कुणी समजू नये.

पण समोर दोन बदाम होते. बदामची अठ्ठी आली तर मास्तरांचं स्ट्रेट होतं आणि त्याच क्षणी टेबलावर तीन बदाम होतात. कुणाच्या हातात दोन बदाम असतील तर त्याचा फ्लश, तीन पत्तीवाले ज्याला कलर म्हणतात तो, आणि स्ट्रेट त्याच्यापुढे हरतं. त्या वेळी मास्तर नुसते हरत नाहीत. स्ट्रेट लागल्याच्या आनंदात आणखी एक-दोन बेटाही घालून हरतात.

म्हणून खरा प्रश्न असा होता: फार्मसीवाल्याकडे बदाम आहेत का?

दोन चित्रं मांडली. पहिलं: बदाम कुणाकडेच नाहीत. चार अठ्ठ्या कामाच्या, लागल्यावर वरचे आठ पॉइंट मिळतात. चार वेळा पंचेचाळीस मिळतात, म्हणजे एकशे ऐंशी. बेचाळीस वेळा चार जातात, म्हणजे एकशे अडुसष्ट. शेहेचाळीस वेळांत बारा पॉइंटांचा फायदा, एका वेळेला पाव पॉइंट.

दुसरं चित्र: फार्मसीवाला फ्लशच्या मागे आहे. मग तीनच अठ्ठ्या कामाच्या. त्यातली आली की त्याचा फ्लश हुकलेला असतो, तो पत्ते टाकतो आणि वरचे पॉइंट फक्त काकांकडून येतात. मी सरासरी पाच धरले. तीन वेळा बेचाळीस, म्हणजे एकशे सव्वीस. बेचाळीस वेळा चार गेले, एकशे अडुसष्ट. आणि बदामच्या अठ्ठीवर टर्नचे चार आणि रिव्हरवर साधारण सहा, असे दहा गेले. बेरीज उणे बावन्न. एका वेळेला पॉइंटाहून थोडं जास्त नुकसान.

आठ, पाच आणि सहा हे वसुलीचे आकडे माझे अंदाज आहेत. कुणी थोडे वेगळे धरेल. पण दोन्ही चित्रांतली तफावत पाहा: बरोबर निघालो तर पाव पॉइंट, चूक निघालो तर एकाहून जास्त. हिशेब बरोबरीत यायला बदाम कुणाकडे नाहीत अशी साधारण ऐंशी टक्के खात्री लागते. पाचातल्या चार वेळा.

तेवढी खात्री मास्तरांना होती का? समोर घडलेलं सगळं त्यांना दिसत होतं. फार्मसीवाल्याकडे चांगला राजा असता तर तो रेझ करणारा माणूस आहे, हे आमच्यात सगळ्यांना माहीत. छोटी जोडी असती तर बेट दुप्पट झाल्यावर तो बऱ्याचदा सोडतो. फ्लॉपवर कॉल, टर्नवर कॉल, चेहरा शांत: हे त्याचं फ्लशच्या मागे असतानाचं वागणं. वर शिरोड्याच्याने टर्नवर पत्ते टाकले होते. त्याच्याकडे दोन बदाम असते तर त्याने टाकले नसते, कारण फ्लशच्या ड्रॉला नऊ पत्ते चालतात, चारला एकच्या आसपास भाव लागतो आणि तो पॉटमध्ये सहज होता. म्हणजे बदाम कुणाकडे असतील तर ते काकांकडे किंवा फार्मसीवाल्याकडे, आणि काका पहिल्यापासून राजा असल्यासारखे बेटत होते. बोट फार्मसीवाल्याकडेच जात होतं.

ऐंशी टक्के सोडाच, मी असतो तर पन्नासही धरले नसते.

फ्लॉपचा कॉलही याच तराजूत घालून पाहिला, कारण डिचोलीच्याचं म्हणणं होतं की मग तोही चूक असणार. तसं नाही. तीनच अठ्ठ्या धरल्या तरी फ्लॉपवर मास्तरांना लागल्यानंतर अडीच पॉइंटांहूनही कमी जास्तीचे मिळवायचे होते, एका मोठ्या बेटेपेक्षा कमी, आणि पुढे चार-चारच्या दोन फेऱ्या बाकी होत्या. तो कॉल चांगला होता. कमकुवत ड्रॉचा पाठलाग करावा की नाही या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. त्याच अठ्ठीसाठी एका डावात एकदा हो म्हणायचं असतं आणि पत्त्याभरानंतर नाही.

मास्तरांनी काय केलं

टर्नवर कॉल केला. पॉट एक्केचाळीस.

रिव्हरला इस्पिकची नव्वी आली.

अठ्ठी नव्हे, पण मास्तरांच्या हातातली नव्वी जुळली. जोडी. त्यांनी चेक केलं. काकांनी चार बेटले. फार्मसीवाल्याने लगेच पत्ते टाकले. मास्तरांसमोर पंचेचाळीसचा पॉट, चार घालायचे.

या वेळी मात्र ते थांबले. चांगला मिनिटभर. चष्मा काढून पुसला. काका म्हणाले, "मास्तर, तुम्हीच ठरवा, मी काही सांगत नाही." मास्तरांनी कॉल केला. काकांनी इस्पिकचा एक्का आणि किलवरचा राजा उलटवले. राजाची जोडी. एकोणपन्नास पॉइंट काकांकडे गेले.

निकाल

फार्मसीवाल्याने टाकलेले पत्ते डाव संपल्यावर स्वतःहून दाखवले: बदामचा एक्का आणि गुलाम. म्हणजे बदामच्या अठ्ठीने मास्तरांना सगळ्यात मोठा फटका बसला असता. शिरोड्याच्याकडे पंजीची जोडी होती.

मास्तरांचे डावात चौदा पॉइंट गेले. त्यातले सहा टर्नच्या आधीचे, आठ टर्नपासूनचे. चार पॉइंटांचा वाटलेला निर्णय शेवटी आठांना पडला. ही कमकुवत ड्रॉची एक किंमत आम्ही आधी कधी मोजत नव्हतो. हवा तो पत्ता येत नाही, पण अर्धवट काहीतरी येतं, आणि मग ते बघायला पुन्हा पॉइंट घालावे लागतात. टेबलावरचा तो सहा पत्त्यांचा छोटा ढीग मी म्हणूनच वेगळा ठेवायला सांगितला होता. चार अठ्ठ्यांचा विचार करताना या सहांचा विचार कुणीच करत नाही.

त्या रात्री चर्चा झाली ती सगळी रिव्हरच्या कॉलवर. नव्वीच्या जोडीवर काकांना कॉल कसा केला, काका तीन वेळा बेटले म्हणजे राजा असणारच, हे दिसायला नको होतं का, असं सगळ्यांनी मास्तरांना सुनावलं आणि मास्तरही मान हलवत होते. टर्नबद्दल एक शब्द नाही. माणसाला शेवटची गोष्ट बोचते. जिथे पत्ते उलटले आणि हार दिसली तिथे चूक शोधली जाते. मीही त्या रात्री वहीत "रिव्हर?" असंच लिहिलं होतं. दोन दिवसांनी दुकानात बसून पॉटचे आकडे पुन्हा मांडताना कळलं की प्रश्नचिन्ह एक ओळ वर हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

टर्नवर पाच सेकंदांऐवजी तीस सेकंद. त्यात दोनच गोष्टी. पॉट किती, घालायचे किती, हे नव्याने मोजणं, फ्लॉपचं उत्तर पुसून टाकून. आणि अठ्ठ्या नुसत्या चार न म्हणता एकेक रंगाने मोजणं: इस्पिकची चालेल, किलवरची चालेल, चौकटची चालेल, बदामची? तिथे अडखळायला झालं असतं आणि नजर आपोआप फार्मसीवाल्याकडे गेली असती. मास्तर पुढच्या शनिवारपासून हे ओठांतल्या ओठांत खरंच करतात. शेजारी बसलं की पुटपुटणं ऐकू येतं. आता त्यावरून त्यांचा ड्रॉ ओळखता येतो, आणि ते मी त्यांना सांगितलंय.

मास्तरांनी स्वतः आणखी एक कारण सांगितलं, जे माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी ते मोबाइलवर नो-लिमिटच्या स्पर्धांचे व्हिडिओ बघतात. तिथे गटशॉट लागला की समोरच्याचा सगळा ढीग येतो, म्हणून वाईट भाव घेऊनही खेळाडू कधी कधी पत्ता बघतात. "माझ्या डोक्यात ती वसुली होती," ते म्हणाले. आमच्या टेबलावर वसुली एका वेळेला चार पॉइंटांची. काकांच्या नियमाने हरणाऱ्याला वाचवलं तसंच ड्रॉ लागणाऱ्याची कमाईही बांधून टाकली. लिमिटमध्ये लागल्यानंतरच्या पैशावर भिस्त ठेवता येत नाही. भाव बराचसा पॉटमध्ये आधीच असावा लागतो, आणि त्यासाठी आत जास्त माणसं लागतात. शिरोड्याच्याने टर्नवर पत्ते टाकल्यामुळेच भाव सव्वानऊवर अडकला. त्याने कॉल केला असता तर पॉट एक्केचाळीस झाला असता आणि स्वच्छ अठ्ठ्यांचा कॉल वरचा एखादा पॉइंट मिळाला तरी तरला असता.

डिचोलीच्याने मधेच संगणकाचा विषय काढला. दोघांमधल्या लिमिट होल्डेमचा खेळ कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी सोडवल्याचं जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव सेफियस. आयुष्यभर त्याच्याशी खेळलं तरी त्याला हरवता येतं असं खात्रीने म्हणता येणार नाही, इतका तो अचूक. डिचोलीच्याचं म्हणणं, मग आपण हे सगळं का मोजत बसलोय. पण ते उत्तर दोघांच्या खेळाचं आहे. फ्लॉपवर पाच जण असलेल्या आमच्या पॉटमध्ये फार्मसीवाला छोटी जोडी टर्नवर सोडतो की नाही हे सेफियसला माहीत असायचं कारण नाही. ते आम्हालाच माहीत आहे, आणि ऐंशी टक्क्यांचा प्रश्न त्यावरच अडला होता.

नंतर

वहीत मी एक रकाना वाढवलाय, 'टर्नचा भाव'. कुणी ड्रॉवर कॉल केला आणि डाव संपल्यावर सांगितलं तर त्या वेळचा पॉट आणि किंमत तिथे लिहितो. लागला की नाही ते लिहीत नाही. काकांना हे आवडलं नाही, निकाल नाही तर वही कसली, असं त्यांचं म्हणणं. पण मी हट्टाने तसंच ठेवलंय.

ऑगस्टात मास्तरांना पुन्हा तसाच ड्रॉ आला, मधल्या सत्तीसाठी, टर्नवर. चौघे आत. पुटपुटणं झालं, आणि त्यांनी कॉल केला. पॉट बेचाळीस, किंमत चार, चारही सत्त्या स्वच्छ वाटत होत्या, भाव नेमका साडेदहा. सत्ती आली नाही. मी रकान्यात आकडे लिहिले आणि पुढचे पत्ते वाटले.

जुलैच्या डावाबद्दल मात्र काकांशी माझं अजून जमत नाही. ते म्हणतात टर्नचं सोडा, चूक रिव्हरलाच झाली, तीन वेळा बेटणारा माणूस राजाशिवाय बेटत नाही. मी म्हणतो, सव्वाअकराला एक भाव होता, बारातून एकदा जरी तुम्ही एक्का-राणी घेऊन बेटत असाल तर मास्तरांचा कॉल बरोबर. काका हसून म्हणतात, "मी तसं करत नाही." फार्मसीवाला म्हणतो, करता. वहीत त्याचा पुरावा शोधतोय, कारण काका शेवटी पत्ते फार थोड्या वेळा दाखवतात.